पडलेल्या चेहऱ्यांचा इन्स्पेक्टर

निगडीपासून चाकणपर्यंत रोज जेवढे चेहरे कामाला जातात आणि परत येतात, त्यांतला कुठला चेहरा केव्हा पडला, किती पडला आणि आता तो आपला आपण वर येईल की त्याला हात द्यावा लागेल, हे नुसतं एकदा बघून सांगणारा माणूस अख्ख्या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि तो माझा चुलत सासरा असावा हा माझ्या पत्रिकेतलाच काहीतरी योग आहे. काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे चुलतभाऊ. मूळचे मोशीचे, अजूनही मोशीलाच राहणारे. तेहेतीस वर्षं त्यांनी भोसरीतल्या एका कंपनीत गाड्यांचे गिअर तपासले. कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचं, दाता उजेडाकडे धरायचा, चांगला असेल तर हिरव्या ट्रेमध्ये, सुधारण्यासारखा असेल तर पिवळ्या, आणि कामातून गेलेला असेल तर लाल. रिटायर झाल्यावर गिअर सुटले, नख सुटलं नाही. नातेवाइकांच्या डायनिंग टेबलांच्या कडेवरून, नव्या कुकरच्या झाकणावरून, एकदा तर बारशाला गेलो असताना पाळण्याच्या दांडीवरून त्यांनी ते नख फिरवलं आणि बाळाच्या आजीला बाजूला घेऊन सांगितलं, "पिवळ्या ट्रेचा माल हाय. पालिस मारून घ्या."

एका जागी बसलेले काका मी लग्नानंतरची पहिली कित्येक वर्षं पाहिलेच नव्हते. चहासुद्धा ते चालत चालत पीत, त्यामुळे त्यांनी चहा घेतला की मोशीच्या घरभर थेंबांची एक वाट उमटे आणि त्यावरून ते कुठे कुठे जाऊन आले हे नंतर निवांत बघता येई. आमच्या घरी ते येत, पण वर येत नसत. स्पाईन रोडवरच्या आमच्या इमारतीच्या लिफ्टचं दार बंद होताना वरच्या बाजूला जरा फट राहते. पहिल्याच भेटीत त्यांनी खिशातला व्हर्नियर काढून ती मोजली होती आणि "ह्या डब्यात मी पाय ठेवनार न्हाई" असं वॉचमनला बजावलं होतं. तेव्हापासून ते खाली स्कूटरजवळ उभे राहून आठव्या मजल्यापर्यंत पोचेल अशा आवाजात "सूनबाई!" म्हणून हाक मारत. मी गॅलरीत आले की वर बघून आधी माझा चेहरा तपासत, आणि मग काय ते काम सांगत. शेजाऱ्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय दोनदा काढला. दुसऱ्या वेळी काका खाली येऊन उभे असतानाच काढला, आणि तक्रार करणाऱ्या गृहस्थांचा चेहरा सकाळपासून उतरलेला आहे, बहुतेक पोट साफ नसावं, असं निदान त्यांना सर्वांदेखत ऐकावं लागलं. तिसऱ्यांदा कुणी विषय काढला नाही.

चेहऱ्यांचं हे वेड अंगात कधी भिनलं ते पुढे सांगते. पण त्याचा ताप आम्ही सगळ्यांनीच सोसला आहे. लग्नकार्यात माणसं जेवण कसं आहे ते बघतात, हे पंगतीतून तोंडं बघत फिरत. कुणाचं पडलेलं दिसलं की समोर उभं राहून चौकशी, आणि शर्टाच्या खिशातून लिमलेटची एक गोळी. चाकणच्या एका लग्नात त्यांनी नवऱ्याच्या मामाला गाठलं. "काय झालं, पावनं? कोनी काय बोललं का?" मामा म्हणाले, कुणी काही बोललं नाही. काका म्हणाले, "मग असं तोंड का?" मामा म्हणाले, "जन्मापासून असंच आहे." असं म्हटल्यावर दुसरा माणूस शरमून निघून गेला असता. काकांनी त्यांना दोन गोळ्या दिल्या.

त्यांच्याकडे एक खिशातली वही असे. त्यात गिअरच्या दोषांची असते तशी पडलेल्या चेहऱ्यांची प्रतवारी केलेली. ती ते मला भर रस्त्यात स्कूटर बंद न करता वाचून दाखवत. "खट्टू व्हायला समोर लाड करनारं मानूस लागतं. एकटं मानूस खट्टू हुत न्हाई. तोंड एवढंसं हुतं त्ये चूक पकडल्याव. चेहरा उतरतो त्यो हळूहळू, दिस मावळल्यावानी. आन हिरमुसनं..." इथे ते थांबत, एक्सलरेटर उगाच पिळत. "हिरमुसायला मानूस आधी फुललेला पायजे, सूनबाई. जो फुललाच न्हाई त्यो हिरमुसत न्हाई. आन दुसऱ्याला दिसल्याबिगर ऱ्हात न्हाई. बाकीचं लपवता येतं, ह्ये न्हाई लपत."

एवढा अर्थ लागल्यावर कुणीही समाधान मानलं असतं. पण काकांना शब्दाचा उगम हवा होता. हिरमुसणं हा शब्द आला कुठून? त्यामागचं तर्कशास्त्र कंपनीतलं होतं. तिथे प्रत्येक गिअरवर बॅचचा नंबर कोरलेला असतो, आणि दिल्लीतल्या कुठल्या गाडीचा दाता तुटला तरी तो कुठल्या भट्टीतून, कुठल्या शिफ्टला, कुणाच्या हाताखालून गेला ते शोधून काढता येतं. "आन येवढा जुना शब्द, त्याला बॅच नंबर न्हाई?" त्यासाठी ते चिंचवडच्या एका वाचनालयात जाऊन कोश बघून आले, उभ्यानेच. मग एका निवृत्त मराठीच्या सरांना गाठलं. सर सज्जन होते. कोशात अर्थ दिला आहे, मूळ मात्र खात्रीने सांगता येत नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. काका संतापून थेट आमच्या इमारतीखाली आले. "तेहेतीस वरसांत एक पीस मी 'कुठनं आला ठावं न्हाई' म्हनून सोडला न्हाई! आन ह्यांनी आख्खी भाषा सोडलीया!"

मग त्यांनी स्वतःच शोध लावला. एका रविवारी आमच्या पार्किंगमधला खराटा उचलून त्यातली एक हीर उपसली आणि माझ्या डोळ्यांसमोर धरून वाकवली. हीर मधोमध मोडली, पण दोन तुकडे झाले नाहीत. वरचं टोक खाली लोंबायला लागलं. "बगितलं? तुटली न्हाई. नुसती मान टाकली. हिरमोड ह्यो हितनं आला आसनार." मला ते खरोखर आवडलं. पण माझ्या स्वभावात एक खवचटपणा आहे, तो गप्प बसत नाही. मी म्हटलं, "हिरमोडाचं जमलं, काका. पण हिरमुसण्यातलं ते मुसणं कुठून आलं?" त्यांनी हीर खिशात घातली आणि ते स्कूटर वळवून गेले. तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचं जे झालं त्याला वहीत कितव्या पानावर जागा होती, मला माहीत नाही. माझीच जीभ मला बोचली.

बोचायला कारण होतं. हे सगळं कुठून सुरू झालं ते मला माहीत होतं, कारण त्या वेळी मी तिथे होते. काकूंनी अख्ख्या संसारात नवऱ्याकडे एकच मागणी लावून धरली होती, "एकदा तुमची कंपनी दावा." भोसरीच्या त्या जुन्या शेडमध्ये घरच्यांना प्रवेश नव्हता. काका दर वर्षी "बगू" म्हणत. मग कंपनीने महाळुंग्याला मोठा कारखाना बांधला आणि तिथे पहिल्यांदाच कामगारांच्या कुटुंबांसाठी मेळावा ठेवला. मी त्याच कंपनीत पर्सोनेल खात्यात आहे. नोटीस मीच टाइप केली, मीच बोर्डावर लावली. तारीख, वार, बसची वेळ, सगळं स्वच्छ लिहिलेलं. काकांच्या रिटायरमेंटला जेमतेम वर्ष उरलं होतं. त्यांनी नोटिशीतला 'मेळावा' हा शब्द वाचला आणि घरी जाऊन सांगितलं, "सुट्टीच्या दिवशी हाय. नऊला बस."

आता भोसरीच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. जग रविवारी झोपा काढतं तेव्हा आमचे हे लोक डबा घेऊन निघालेले असतात, आणि त्यांची लग्नं, बारशी, जावळं सगळी गुरुवार गाठून होतात. महाळुंग्याच्या नव्या कारखान्याला मात्र रविवारची सुट्टी. मेळावा अर्थातच रविवारी होता. केसाएवढी चीर न चुकता पकडणाऱ्या माणसाने नोटिशीवरचा वार तपासलाच नाही. बत्तीस वर्षं सुट्टी म्हणजे गुरुवार, त्यात तपासायचं काय?

रविवारी मेळाव्यात ते दोघं दिसले नाहीत. मला वाटलं, काकूंचे गुडघे दुखत असतील. एक फोन करायला हवा होता. ढोकळ्याच्या प्लेटा मोजण्याच्या गडबडीत मी तो केला नाही. गुरुवारी सकाळी मी रोजच्या कंपनीच्या बसने महाळुंग्याला कामाला निघाले. मोशीच्या चौकात बस थांबली, आणि खाली काका-काकू उभे. काकूंनी जांभळ्या काठाची ठेवणीतली साडी नेसलेली, केसांत गजरा, हातात स्टीलचा मोठा डबा. दार उघडलं तशी त्यांनी हसत पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि आत बघितलं. आत सगळे युनिफॉर्ममधले, अर्धे पेंगणारे. ड्रायव्हर म्हणाला, "काकू, आज कुठं? मेळावा रविवारीच झाला की."

मी त्या बसमध्ये तिसऱ्या सीटवर होते. तो चेहरा मी पाहिला. त्यावर काही लिहिण्याची माझी लायकी नाही, काकांनी वर सांगितलं आहे तेच खरं. काकूंनी पाय मागे घेतला, डबा ड्रायव्हरच्या हातात दिला, म्हणाल्या, "लाडू हायत. गाडीत वाटा समद्यांना." आणि पदर सारखा करून घराकडे चालायला लागल्या. काका तिथेच उभे. बस सुटल्यावर मी मागच्या काचेतून बघितलं तर ते चौकातल्या चौकात गोल फिरत होते, कुठल्या दिशेला जायचं ते न कळल्यासारखे. लाडू सगळ्यांनी खाल्ले. मीही खाल्ला.

काकूंनी पुन्हा कधी विषय काढला नाही, आणि त्यानेच काका बिथरले. भांडल्या असत्या तर एका गुरुवारात मिटलं असतं. ते रिटायर झाले, भोसरीची शेड पाडली गेली, तिथे आता उंच टॉवर उभे आहेत, आणि काका स्कूटरवरून गावभर लोकांचे चेहरे तपासत आणि त्या एका शब्दाचा बॅच नंबर शोधत भटकत राहिले. त्यांना तो शब्द का हवा होता हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मीही माझ्या न केलेल्या फोनबद्दल त्यांना कधी सांगितलं नाही. खराट्याची हीर खिशात घालून ते गेले तेव्हा मात्र मला चैन पडेना.

या वर्षी पुन्हा मेळावा ठरला. रिटायर झालेल्यांना आमंत्रण नव्हतं. मी साहेबांना विचारलं, ते म्हणाले, बसमध्ये जागा नाही. मग मी माझ्याच घरच्यांच्या यादीतून नवऱ्याचं आणि मुलीचं नाव काढलं. नवऱ्याला रविवारी झोपायला मिळणार म्हणून तो कृतज्ञ झाला, मुलीला मी पुढच्या आठवड्यात बागेत न्यायचं कबूल केलं. त्या जागी काका-काकूंची नावं लिहिली. नातं : सासू-सासरे. 'चुलत' लिहायला रकान्यात जागा नव्हती.

काका हरखले. दिवसातून चार-चार फोन. "रविवारच ना? इंग्रजी तारखेनं रविवारच ना? कॅलेंडर चालू सालचंच हाय ना तुझं?" पण काकूंनी मान हलवली. "एकदा पाय ठिवला व्हता पायरीवर. बास झालं. पुन्यांदा त्या चौकात मी हुभी ऱ्हानार न्हाई." काका तीन दिवस घराभोवती फेऱ्या मारत होते. अंगणातली माती दबून तिथे पायवाट झाली म्हणतात. शेवटी मी मोशीला गेले आणि काकूंसमोर बसून सगळं सांगितलं, नोटीस माझी, तुम्ही आला नाहीत हे दिसलं होतं, फोन केला नाही. सांगताना मला रडू आलं. काकूंनी ऐकून घेतलं, मेथीची जुडी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "निवड. आन बस दारात आली तर यीन."

बस दारात! मोशीच्या त्या बोळात रिक्षा वळताना दोन्हीकडचे लोक कठड्यावर पाय घेऊन बसतात. मी ड्रायव्हरला भीत भीत विचारलं. तोच तो होता. तो म्हणाला, "लाडूवाल्या काकू ना? आणतो."

रविवारी सकाळी त्याने ती अजस्र बस रिव्हर्समध्ये बोळात घातली. काका पुढे उलटे चालत, दोन्ही हात हलवत, "यिऊ द्या, यिऊ द्या, डावं मारा, आरं डावं म्हनलं, त्ये कोंबडं हाकला!" असे ओरडत होते. एक तुळशीवृंदावन वाचलं, एका वाढदिवसाच्या फ्लेक्समधल्या भाऊंचा कान गेला. बस दारापासून चार हातांवर थांबली. काकू बाहेर आल्या. तीच जांभळ्या काठाची साडी, हातात कापडी पिशवी. पायरीवर पाय ठेवताना त्या क्षणभर थांबल्या आणि आत बघितलं. आत लहान मुलं, सासवा, फुगे. मग त्या चढल्या, आणि मला वाटतं माझा आणि काकांचा श्वास एकदमच सुटला.

महाळुंग्याला काका सगळ्यांच्या पुढे. बसमधून उतरल्यापासून धावतच होते. "ह्ये बग, हितं माल उतरतो. ह्ये बग, भट्टी. चल, चल, माजी जागा दावतो." रिटायर होण्याआधीचे सहा-सात महिने ते इथे होते, आपलं टेबल, आपला दिवा, आपले तीन ट्रे. वळण घेऊन पोचलो तर टेबल नव्हतं. तिथे काचेचं एक कपाट होतं, आत कॅमेरे, आणि गिअर आपले आपण सरकत पुढे जात होते. शेजारच्या मुलीने आदराने सांगितलं, "आता हे मशीनच तपासतं, काका. माणसाला हात लावावा लागत नाही."

काकांनी त्या काचेच्या कडेवरून सवयीने नख फिरवलं. मग हात खाली घेतला. त्या माणसाने आयुष्यात दुसऱ्यांचे इतके चेहरे वाचले, स्वतःचा कसा दिसतो हे त्याला कुठून कळणार? मला मात्र कळलं. सकाळपासून किती फुलले होते ते मी पाहिलं होतं. माझ्या पर्समध्ये लिमलेटची गोळी नव्हती.

काकूंनी कॅमेऱ्याकडे बघितलंच नाही. नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "डबा कुठं खायचा तुमी?"

"आं?"

"डबा वो. कुठं बसून खायचा?"

"तू त्ये बगायला आलीयास?"

"मग मशीन बगून मला काय कळनार? तेहेतीस वरसं भल्या पहाटं उठून डबा दिला. सांजच्याला रिकामा यायचा. कुठं बसता, शेजारी कोन आसतं, ग्वाड लागतं का न्हाई, काय ठावं न्हाई."

काका पुटपुटले, "बसून कवा खाल्लाच न्हाई. हुभ्या हुभ्याच. त्या खिडकीपाशी." कँटीनच्या टोकाला एक खिडकी होती, तिच्याकडे त्यांनी बोट दाखवलं. भोसरीलासुद्धा अशीच एक होती म्हणाले. ती आता नाही.

काकूंनी तिथवर जाऊन एक खुर्ची ओढली. "बसा." पिशवीतून डबा काढला, जुनाच, झाकणाला पोचा आलेला. भाकरी, मेथीची भाजी, लसणाची चटणी. बाकीचे लोक पुलाव आणि गुलाबजामच्या रांगेत होते. काका बसले. आधी खुर्चीच्या काठावर, मग जरा मागे, मग पाठ टेकून. काकू समोर बसून ते कसे खातात ते बघत राहिल्या, पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत, आणि मधे एकदाच म्हणाल्या, "सावकाश." मी लांब उभी राहून प्लेटा मोजत होते आणि तीन वेळा चुकले.

परत येताना काकूंना डुलकी लागली. काका शेजारी स्वस्थ बसले होते. मी हळूच विचारलं, "मग काका, त्या शब्दाचं काय करायचं?" ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. आसंल कुठनं तरी आलेला."

तेव्हापासून ते घरी असतात. काकू सांगतात, आता बसून चहा पितात, दुपारी चक्क झोपतात, वही कपाटात गेली आहे. मला फार बरं वाटतं, अगदी मनापासून बरं वाटतं. फक्त संध्याकाळी कामावरून येऊन मी चहाचा कप घेते, आणि खाली एखादी स्कूटर थांबल्याचा आवाज येतो. मी गॅलरीत धावते, वाकून बघते. कुणीतरी पार्सलवाला असतो. तेव्हा माझा चेहरा कसा होतो, हे वर बघून नेमकं सांगणारा माणूस खाली उभा नसतो.